मूळ कागदाला विश्रांती, प्रतींना काम: महत्त्वाची कागदपत्रं जपण्याची पद्धत

बाबा गेले त्यानंतरच्या आठवड्यात मी त्यांचं कपाट उघडलं. कागद सगळे जागच्या जागी होते. प्रत्येक कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात, पाकिटं एका फाइलमध्ये, फाइलला दोरी बांधलेली. ती फाइल मांडीवर घेऊन मी एकेक पाकीट काढत गेले. विम्याचा शेवटचा हप्ता भरल्याची पावती हाती आली आणि ती कोरी निघाली. उजेडाकडे धरली, तिरकी करून पाहिली. कडेला फिकट करड्या दोन ओळी तेवढ्या दिसल्या. ना आकडा, ना तारीख. पुढच्या पाकिटात कर्ज फिटल्याचं पत्र होतं. ते बाहेर ओढलं तेव्हा निम्मी अक्षरं कागदावर राहिली आणि निम्मी प्लॅस्टिकला चिकटून उलटी उमटली.

बाबांनी काळजी घेण्यात कुठेही कसूर केली नव्हती. पावती थर्मल कागदावरची होती, तिची झेरॉक्स काढून ठेवायची असते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पाकिटं मऊ पीव्हीसीची होती, ती टोनर, म्हणजे झेरॉक्स आणि लेझर प्रिंटरची पूड-शाई, ओढून घेतात हेही कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर मी आमच्या घरातले सगळे कागद नव्याने लावले, आणि ते करताना जे शिकले ते इथे क्रमाने सांगते. सूत्र एकच आहे: मूळ कागदाला शक्य तितकी कमी हाताळणी, त्याच्या वाटची सगळी धावपळ प्रतींनी करायची, आणि दोन्ही कुठे आहेत हे आपल्याशिवाय आणखी कुणाला तरी ठाऊक असायला हवं.

१. सगळे कागद एकदाच बाहेर काढा

कपाट, पेटी, पर्स, ऑफिसची बॅग, जुन्या डायऱ्यांची पानं, सगळीकडचे कागद एका दिवशी एका जागी आणा. थोडं आज, थोडं उद्या केलं तर काम अर्धवट राहतं. एक मोकळी सुट्टी त्यासाठी काढा. मग चार ढीग करा.

पहिल्या ढिगात ज्याची जागा दुसरा कोणताही कागद घेऊ शकत नाही ते: सही केलेलं मृत्युपत्र, मूळ खरेदीखत, वचनचिठ्ठी, आपसातले सह्यांचे करारनामे, कागदी शेअर सर्टिफिकेटं. यातही मृत्युपत्राला सगळ्यात जास्त जपा. इंग्लिश कायद्याच्या परंपरेतल्या न्यायव्यवस्थांत, मूळ मृत्युपत्र शेवटी ते करणाऱ्याच्याच ताब्यात होतं आणि नंतर सापडलं नाही, तर त्याने स्वतःच ते रद्द करून नष्ट केलं असावं असं गृहीत धरून सुरुवात होते. तसं घडलेलं नाही हे सिद्ध करणं मग मागे राहिलेल्यांच्या अंगावर येतं. हाती झेरॉक्स असूनही.

दुसऱ्या ढिगात पुन्हा मिळतात पण त्यासाठी हेलपाटे पडतात असे कागद: जन्म, विवाह, मृत्यूचे दाखले, गुणपत्रिका, पदवी, पासपोर्ट, न्यायालयाच्या निकालाची प्रमाणित प्रत. तिसऱ्यात ठरावीक मुदतीपुरते लागणारे: कराच्या पावत्या, वॉरंटी, बिलं. मुदत संपली की ते फाडून टाका, पण नुसते दोन तुकडे करून नाही. खाते क्रमांक, सही, जन्मतारीख असलेला भाग बारीक कातरा.

चौथा ढीग दिसत नाही, म्हणून तो विसरला जातो. ज्या कागदपत्रांचं मूळच फाइलच्या रूपात आहे, म्हणजे डिजिटल सही केलेले दाखले, ईमेलने आलेल्या पॉलिसी, ऑनलाइन करार, त्यांची यादी वेगळी करा. अशा कागदाचं प्रिंट म्हणजे त्याची प्रत असते. मूळ ती फाइलच. ती उघडून पुन्हा 'प्रिंट टू पीडीएफ' केली किंवा स्कॅन केली की सहीची पडताळणी करण्याची सोय संपते. दिसायला नवी फाइल हुबेहूब असते, म्हणूनच फसायला होतं. आलेली फाइल जशी आली तशी, नाव सोडून काहीही न बदलता जपा.

हे ढीग करतानाच गुळगुळीत, नखाने ओरखडा काढला की काळी रेघ उमटते असा कागद दिसला तर तो बाजूला ठेवा. तो थर्मल कागद. त्यावर शाई नसतेच; उष्णतेने काळा पडणारा रासायनिक थर असतो आणि ऊन, उष्णता, प्लॅस्टिकमधली द्रव्यं, हाताला लावलेलं क्रीम यांनी तो फिका पडतो. त्याची प्रत त्याच दिवशी काढा. बाकी सगळं थांबू शकतं, हा कागद थांबत नाही.

२. मूळ कागदाचे शत्रू ओळखा

लॅमिनेशन करू नका. हा सल्ला मी सगळ्यात आधी देते, कारण लॅमिनेशन करणारा माणूस प्रेमानेच करत असतो. गरम रोलरमधून गेलेला कागद प्लॅस्टिकशी कायमचा जोडला जातो, तो पुन्हा सोडवता येत नाही. शिक्क्याचा उठाव दबतो, मागे नवा शेरा किंवा शिक्का मारता येत नाही, आणि कागद अस्सल आहे की नाही हे हाताने तपासता येत नसल्यामुळे अनेक कचेऱ्या असे दाखले स्वीकारत नाहीत. थर्मल कागद तर रोलरमधून पूर्ण काळा होऊन बाहेर येतो.

चिकटपट्टी त्याहून वाईट. आज फाटलेली कड जोडलेली दिसते. काही वर्षांनी पट्टी सुटून पडते आणि तिचा पिवळा डिंक कागदात मुरलेला राहतो. त्याखालची अक्षरंही डागाळतात. फाटलेला कागद दोन्ही तुकड्यांसह पारदर्शक पाकिटात सपाट ठेवला तरी पुरतो.

टाचण्या, यू-पिना, रबरबँड काढून टाका. दमट हवेत लोखंडाला गंज चढतो आणि तांबूस डाग पाचपाच पानं आरपार जातो. रबर वितळून कागदाला चिकटतं. पण एक अपवाद पक्का लक्षात ठेवा: मृत्युपत्र आणि शिक्के मारून एकत्र बांधलेले दस्त यांची पिन किंवा दोरा कधीही सोडू नका. पिन काढल्याची भोकं दिसली की मध्ये एखादं पान होतं का, कुणी काढलं का, असा प्रश्न उभा राहतो. अशा दस्ताचं स्कॅनिंग बांधलेल्या अवस्थेतच करायचं, पान हळूच उलटून. मृत्युपत्राला बाहेरून क्लिपही लावू नये, तिचा वळ उमटला तरी तीच शंका येते.

आता पाकिटं. पीव्हीसीला मऊ ठेवण्यासाठी त्यात जी द्रव्यं घालतात ती हळूहळू बाहेर येतात आणि टोनरची अक्षरं सैल करून स्वतःकडे ओढतात. बाबांच्या पत्राचं तेच झालं. नवी वस्तू उघडल्यावर येतो तसा प्लॅस्टिकचा तीव्र वास येणारी, तेलकट मऊ पाकिटं टाळा. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन असं वेष्टनावर लिहिलेली पाकिटं घ्या. नुसतं कागदी पाकीट चालेल, पण ते आम्लरहित असावं. स्वस्त तपकिरी लिफाफ्यातलं आम्ल शेजारच्या पांढऱ्या कागदात उतरतं आणि तोही पिवळा, ठिसूळ होतो. नवे महत्त्वाचे कागद छापायचे असतील तर 'आयएसओ ९७०६' असं लिहिलेला कागद मागा. दीर्घकाळ टिकणाऱ्या कागदाचं ते आंतरराष्ट्रीय मानक आहे.

घड्या उलगडा. घडीवरच कागद सगळ्यात आधी तुटतो, आणि दुर्दैवाने क्रमांक किंवा सही नेमकी घडीवर आलेली असते. मोठे नकाशे घडी घालण्यापेक्षा रुंद नळीवर गुंडाळलेले बरे.

जागा कोरडी, अंधारी, थंड हवी. सापेक्ष आर्द्रता ३५ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर उत्तम. ६५ टक्क्यांच्या वर गेली की बुरशीला निमंत्रण. छोटं आर्द्रतामापक यंत्र पेटीत ठेवलं की अंदाज करत बसावं लागत नाही. माळा, तळघर, न्हाणीघराला लागून असलेली भिंत, स्वयंपाकघर या चार जागा बाद. बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं कपाटही चार बोटं पुढे ओढा. वाळवी आणि कसर यांना अंधार, ओल आणि शांतता तिन्ही आवडतात, त्यामुळे चार-सहा महिन्यांनी पेटी उघडून कागद चाळणं हाच त्यांच्यावरचा खरा उपाय. डांबरगोळ्या थेट कागदांत टाकू नका.

आणि मूळ कागदावर काहीही लिहू नका. 'मूळ प्रत', 'झेरॉक्स काढली' असले शेरे पाकिटावर लिहा.

३. स्कॅन असा करा की पुन्हा मूळ काढावं लागणार नाही

घाईत काढलेल्या स्कॅनचा खरा तोटा हा, की दर वेळी कुणीतरी 'नीट दिसत नाही' म्हणतं आणि मूळ कागद पुन्हा बाहेर येतो. एकदाच नीट करा.

फ्लॅटबेड स्कॅनर, म्हणजे काचेवर कागद सपाट ठेवायचा स्कॅनर, मिळाला तर तोच वापरा. कागद आपोआप ओढणारं यंत्र जुन्या कागदाला चुरगळतं. साध्या मजकुरासाठी ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके), बारीक शिक्के, फिकट सह्या, छोटे फोटो असतील तर ६०० डीपीआय. रंगीतच स्कॅन करा, कागद काळापांढरा असला तरी. निळी सही आणि काळा छापील मजकूर यांतला फरक रंगीत प्रतीतच कळतो. ए-४ पान ३०० डीपीआयला साधारण २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचं होतं. न दाबता, म्हणजे कॉम्प्रेस न करता साठवलं तर सुमारे २६ एमबी. ६०० ला त्याच्या चौपट. घरातले शे-दोनशे कागद यात आरामात मावतात, तेव्हा जागा वाचवण्यासाठी दर्जा कमी करण्याचं कारण नाही.

कागदाच्या चारही कडा चित्रात आल्या पाहिजेत. मागची बाजू कोरी असली तरी तीही घ्या. 'मागे काही नव्हतं' याचाही तो पुरावा असतो. उठावाचा कोरा शिक्का स्कॅनरमध्ये दिसतच नाही, कारण उजेड समोरून पडतो. त्यासाठी खोलीतला दिवा बंद करून टॉर्च कागदाच्या कडेला, जवळजवळ टेबलाला टेकवून धरा आणि वरून फोनने फोटो काढा. आडव्या उजेडात शिक्क्याची सावली पडते आणि त्याचं एकेक अक्षर उभं राहतं. हा फोटो स्कॅनसोबत जोडून ठेवा.

फोननेच स्कॅन करायचं असेल तर खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून. फोन कागदाला समांतर हवा. फोटो आपोआप मोठ्या कंपनीच्या क्लाउडवर किंवा कुटुंबाच्या सामायिक अल्बममध्ये जातात का, हे आधी तपासा.

मग तपासणी. ही पायरी लोक गाळतात, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगते. २०१३ साली डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने एका घराचा आराखडा झेरॉक्स कंपनीच्या वर्कसेंटर यंत्रावर स्कॅन केला. मूळ आराखड्यात तीन खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी होती, स्कॅनमध्ये २१.११ चौरस मीटरची खोलीसुद्धा १४.१३ दाखवत होती. यंत्राने फाइल लहान करताना सारखे दिसणारे तुकडे एकच समजून एकाच्या जागी दुसरा बसवला होता. आकडा पुसट झाला असता तर निदान शंका आली असती. हा तर स्वच्छ, ठळक आणि चुकीचा आकडा होता. कंपनीने पुढे सॉफ्टवेअर दुरुस्त केलं. तेव्हापासूनचा धडा साधा आहे: फाइल जास्तीत जास्त लहान करण्याचा पर्याय बंद ठेवा, आणि मूळ कागद आत ठेवण्यापूर्वी क्रमांक, रकमा, तारखा, नावं पडद्यावर बोट ठेवून मूळ कागदाशी ताडून पाहा. दोघं असाल तर एकाने मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने पाहावं.

साठवण्यासाठी पीडीएफ/ए हा प्रकार निवडा. आयएसओ १९००५ हे त्याचं मानक २००५ साली आलं. फाइल उघडायला लागणारे फॉन्ट वगैरे सगळं तिच्यातच असतं, त्यामुळे पुढच्या काळातल्या संगणकावरही ती तशीच दिसेल अशी रचना आहे. जेपीजी फाइल पुन्हा पुन्हा उघडून कापून सेव्ह केली तर दर वेळी थोडा दर्जा जातो, त्यामुळे पहिली फाइल तशीच राहू द्या आणि छाटाछाटी तिच्या नकलेवर करा.

नाव देताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, मग कागद काय आहे ते: '२००७-०३-१९_खरेदीखत_पाने-१४'. असं केलं की सगळ्या फाइली आपसूक काळाच्या क्रमाने लागतात. 'स्कॅन-१', 'नवीन', 'फायनल' ही नावं ज्या दिवशी दिली त्याच दिवशी कळतात, नंतर नाही.

४. फाइली तीन ठिकाणी

पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला ३-२-१ हा नियम इथे तंतोतंत लागू पडतो: एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर. व्यवहारात याचा अर्थ असा: एक संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर जी काम झालं की काढून ठेवली जाते, आणि एक क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावातल्या विश्वासाच्या माणसाकडे.

क्लाउडशी आपोआप जुळत राहणारं फोल्डर म्हणजे बॅकअप, असं समजू नका. तिथे चुकून काही पुसलं की सगळीकडून पुसलं जातं. संगणकात खंडणीखोर व्हायरस शिरला तर त्याने कुलूपबंद केलेली फाइलच क्लाउडवर जाऊन बसते. म्हणून संगणकापासून तोडलेली एक डिस्क हवीच. पेनड्राइव्हवर मात्र एकट्याने विसंबू नका. त्यातली माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षं वीज न मिळता पडून राहिलं तर तो भार गळत जातो. वर्षातून एकदा जोडा, चार-पाच फाइली उघडून पाहा, आणि काही वर्षांनी सगळं नव्या साधनावर उतरवून घ्या.

फाइल बदलली नाही ना, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी एसएचए-२५६ नावाची गणना आहे. ती प्रत्येक फाइलला ६४ अक्षर-अंकांचा एक ठसा देते. फाइलमधला एक ठिपका जरी बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. ठशांची यादी एकदा करून ठेवली की पुढच्या वर्षी ताडून पाहता येते. हे तुम्हाला जड वाटत असेल तर वगळा. पण नव्या डिस्कवर नक्कल केल्यावर फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का, एवढं तरी पाहाच.

या फाइलींना कुलूप हवं. एका हार्ड डिस्कवर तुमचं नाव, सही, जन्मतारीख, फोटो, खाते क्रमांक सगळं एकत्र असतं. ती चोरीला गेली तर तुमच्या नावावर कुणीही काहीही करू शकतं. व्हेराक्रिप्टसारख्या मोफत सॉफ्टवेअरने एईएस-२५६ या माहिती सांकेतिक करण्याच्या पद्धतीचा एक कुलूपबंद डबा तयार करून त्यात पूर्ण फोल्डर ठेवा. पीडीएफ/ए मानकात फाइलला स्वतःला पासवर्ड घालता येत नाही, म्हणूनही डब्याला कुलूप घालणं सोयीचं. पासवर्ड लांब हवा: एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द. तो हरवला तर मागचा दरवाजा कुठलाच नाही, डबा कायमचा बंद. तो हाताने कागदावर लिहून बंद लिफाफ्यात ठेवा, आणि लिफाफा डिस्कच्या शेजारी ठेवू नका. ईमेल आणि क्लाउडच्या दुहेरी पडताळणीचे राखीव कोडही त्याच लिफाफ्यात.

५. मूळ कागद कुठे राहणार

घरी ठेवायचे तर अग्निरोधक पेटी चांगली, पण तिच्यावरचा दर्जा वाचून घ्या. यूएल ७२ या अमेरिकी मानकात 'क्लास ३५०' म्हणजे ठरावीक वेळ आगीत राहूनही आतलं तापमान ३५० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १७७ अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. कागद त्यात वाचतो. हार्ड डिस्क आणि पेनड्राइव्ह त्यात वाचेलच असं नाही. चुंबकीय आणि डिजिटल साधनांसाठी 'क्लास १२५' हा वेगळा दर्जा आहे, त्यात मर्यादा सुमारे ५२ अंशांची. कागदांच्या पेटीतच डिस्क ठेवून निर्धास्त राहणं ही फार सर्रास होणारी चूक आहे. शिवाय अशा पेट्यांच्या भिंतींतलं भरण पाणी धरून ठेवणारं असतं, त्यामुळे महिनोन्‌महिने बंद पेटीत आतून दमटपणा येतो. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, त्या वेळोवेळी बदला आणि पेटी जमिनीला टेकवू नका. पाणी आधी जमिनीवरच येतं.

बँकेचा लॉकर सुरक्षित, यात शंका नाही. पण मालकाच्या मृत्यूनंतर तो उघडायला कागद लागतात, आणि ते कागद आतच असले तर घरचे अडकतात. मृत्युपत्र, विम्याची पॉलिसी, अंत्यविधीबद्दलच्या सूचना एकट्याच्या नावावरच्या लॉकरमध्ये नकोत. संयुक्त नावावरचा लॉकर किंवा वकिलाकडची ठेव हे त्याहून बरे पर्याय.

याशिवाय दाराजवळ एक छोटी जलरोधक पिशवी असू द्या. त्यात ओळखपत्रांच्या झेरॉक्स, औषधांची यादी, महत्त्वाचे फोन नंबर आणि कुलूपबंद पेनड्राइव्ह. घर तातडीने सोडावं लागलं तर हात तिथे जाईल.

६. बाहेर जाणाऱ्या प्रती

मूळ कागद बाहेर द्यायचा नाही; 'फक्त पाहून परत देतो' म्हटलं तरी समोर बसून दाखवायचा आणि परत घ्यायचा. द्यायचीच वेळ आली तर पोच घ्या, तीत कागदाचं नाव, क्रमांक, पानांची संख्या आणि घेणाऱ्याची सही असू द्या.

झेरॉक्स देताना तिच्यावर तिरकं लिहा: कोणासाठी, कोणत्या कामासाठी, कोणत्या तारखेला. मजकुरावरून जाईल असं, पण क्रमांक झाकणार नाही असं. ती प्रत पुढे दुसरीकडे वापरायला कुणालाही अवघड जातं. नको असलेले आकडे झाकायचे असतील तर पीडीएफवर काळा चौकोन टाकून भागत नाही; बऱ्याचदा खालचा मजकूर तसाच असतो आणि सहज कॉपी करून बाहेर काढता येतो. प्रिंट काढा, त्यावर काळं करा, त्या प्रिंटची झेरॉक्स काढा आणि ती स्कॅन करून पाठवा. मेसेजिंग अॅपवरून पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून लहान होतो. आणि काम झालं की दोन्हीकडून पुसायला सांगा.

साध्या झेरॉक्सने भागत नसेल तर साक्षांकित किंवा नोटरी केलेली प्रत लागते. ज्या कागदाचा अस्सल अभिलेख सरकारदरबारी आहे त्याची प्रमाणित प्रत मात्र त्या कार्यालयातूनच घ्यावी, आणि एक घेण्याऐवजी दोन-तीन एकदमच घ्याव्यात. परदेशात वापरायच्या कागदांसाठी ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारानुसार अपोस्टिल नावाचं प्रमाणपत्र मिळतं. ते सही आणि शिक्का खरा असल्याचं सांगतं. आतला मजकूर खरा आहे असं ते म्हणत नाही.

७. कागद भिजले तर

पहिले ४८ तास महत्त्वाचे. त्यानंतर बुरशी धरू लागते. घाई करा, पण उष्णता देऊ नका. हेअर ड्रायर, इस्त्री, कडक ऊन यांनी कागद आक्रसतो आणि शाई पसरते. सुटे कागद टिपकागदावर सपाट पसरा, खोलीत हवा खेळती ठेवा, पंखा कागदांवर न रोखता भिंतीकडे वळवा. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका.

कागद खूप असतील आणि तेवढ्या वेळात वाळणार नाहीत असं दिसलं तर पिशव्यांत सपाट घालून फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, शाई पसरत नाही, आणि तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो. गुळगुळीत चकचकीत कागद तर लगेच गोठवा. तो वाळताना एकमेकांना चिकटून वीट होते. नंतर थोडे थोडे बाहेर काढून वाळवा, मौल्यवान असतील तर जतन-तज्ज्ञाकडे न्या. पाणी गटाराचं असेल तर हातमोजे घाला.

मोठ्या प्रमाणावर हे काय असतं ते अमेरिकेत सेंट लुइस इथे दिसलं. १२ जुलै १९७३ रोजी तिथल्या लष्करी कर्मचाऱ्यांच्या अभिलेखागाराला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख नोंदी जळाल्या. विझवण्याच्या पाण्याने भिजलेल्या फाइली निर्वात कक्षांत वाळवून वाचवाव्या लागल्या. जळालेल्या नोंदींच्या ना दुय्यम प्रती होत्या, ना मायक्रोफिल्म, ना पूर्ण सूची. निवृत्त सैनिकांना आपली सेवा सिद्ध करण्यासाठी दुसऱ्या खात्यांतल्या सटरफटर कागदांचे दाखले शोधत फिरावं लागलं.

८. सूची, आणि तिची परीक्षा

एक पान पुरतं. कागदाचं नाव, त्याचा क्रमांक, मूळ कुठे आहे, स्कॅनच्या फाइलचं नाव, मुदत कधी संपते, आणि हरवला तर कुणाकडे अर्ज करायचा. पासवर्ड या पानावर लिहायचा नाही. लिफाफा कुठे आहे एवढंच. वर तारीख घाला. हे पान पेटीत, दुसरं विश्वासाच्या माणसाकडे. पासपोर्ट बदलला, घर विकलं, मूल झालं, कुणी गेलं, की त्याच आठवड्यात पान नवं करायचं आणि जुनं फाडायचं.

मी पान तयार करून बहिणीच्या हाती दिलं तेव्हा वाटलं, झालं. मग तिला म्हटलं, "ताई, मी काही बोलणार नाही. समज, मी इथे नाही. मला विम्याची पॉलिसी आणि माझ्या मृत्युपत्राचं मूळ काढून दे." ती पान वाचत कपाटाकडे गेली. पॉलिसी तिला लगेच मिळाली. मृत्युपत्रासमोर मी लिहिलं होतं, 'निळ्या पेटीत'. घरात दोन निळ्या पेट्या आहेत, आणि तिने उघडली ती शिवणाची. पासवर्डच्या लिफाफ्यासमोर लिहिलं होतं, 'नेहमीच्या जागी'. ती माझी नेहमीची जागा होती, तिची नव्हे. ताईने पेन्सिल घेतली, दोन्ही ओळी खोडल्या आणि स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहिल्या: 'झोपण्याच्या खोलीतलं कपाट, सगळ्यात वरचा कप्पा, कुलूप असलेली निळी पेटी, चावी आईच्या फोटोमागे.' सूचीचं ते पान आता तिच्या अक्षरात आहे.